चिमुकले पोट, मोठी भूक

आज एक प्रश्न विचारतो. उत्तर द्यायची घाई करू नका. दिवसभर शेतात राबून आलेले तुमचे वडील आणि घरातले दोन वर्षांचे बाळ, या दोघांपैकी वजनाच्या मानाने अन्न कोणाला जास्त लागते?

मी हा प्रश्न महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारतो, तेव्हा जवळजवळ सगळे हात वडिलांच्या बाजूने वर होतात. आता आकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांच्या अन्नाच्या गरजेचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० किलोकॅलरी ऊर्जा लागते. अतिशय कष्टाचे काम असेल तर हा आकडा ३,४७० पर्यंत जातो. दोन वर्षांच्या मुलाला लागतात सुमारे १,०००. हे मूल चांगले पोसलेले, १२ किलो वजनाचे आहे असे धरा आणि भागाकार करा. बैठ्या माणसाला दर किलोमागे ३२, कष्टकऱ्याला ५३ आणि बाळाला ८३ किलोकॅलरी!

म्हणजे नांगर धरणाऱ्या बापापेक्षा अंगणात दुडदुडणाऱ्या लेकराची भूक वजनाच्या मानाने दीडपट मोठी आहे. एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्या हिशेबाने हे चिमुकले रोज जेवढी ऊर्जा वापरते, तेवढ्यात बर्फासारखे गार दहा लिटर पाणी उकळीला येईल. ही एवढी ऊर्जा जाते तरी कोठे?

लहान बटाटा लवकर का निवतो?

एक मोठा आणि एक अगदी लहान बटाटा एकाच पातेल्यात उकडा आणि बाहेर काढून ठेवा. लहान बटाटा आधी थंड होतो. कारण सोपे आहे. १ सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सें.मी. आणि घनफळ १ घन सें.मी.; ४ सें.मी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ९६ आणि घनफळ ६४. पहिल्यात दर घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सें.मी. पृष्ठभाग आहे, दुसऱ्यात फक्त दीड. वस्तू लहान, तर तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि उष्णता निसटायला वाटही मोठी. बाळाचेही तसेच आहे.

पण खरे खर्चिक इंद्रिय वेगळेच आहे. ते म्हणजे मेंदू. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या तीन-चतुर्थांशाच्याही पुढे वाढलेला असतो, आणि शरीर मात्र वडिलांच्या पाचव्या हिश्शाएवढे! चार-पाच वर्षांच्या वयात, मूल स्वस्थ पडलेले असताना त्याचे शरीर जी ऊर्जा वापरते, तिच्यातली निम्म्याहून अधिक एकटा मेंदू घेतो. भाषा, ओळख, चालणे, बोट धरून मोजणे, सगळ्याची उभारणी याच वर्षांत चाललेली असते. या काळात सिमेंट कमी पडले, तर घर उभे राहते, पण भिंती कच्च्या राहतात. पुढे कितीही खाऊ घातले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही. म्हणून हा विषय केवळ स्वयंपाकघराचा नाही.

पंधरा वाट्या पेज

आता अडचण पाहा. भूक मोठी, पण पोट छोटे. लहान मुलाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते, असा ढोबळ हिशेब धरतात. १० किलोच्या मुलाचा एका वेळचा घास म्हणजे ३०० मिलिलिटर, फार तर दीड वाटी.

आपल्याकडे बाळाला नाचणीची किंवा तांदळाची पेज देतात. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नाचणीचे पीठ घेऊन २०० मिलिलिटरची एक वाटी पेज केली, तर तिच्यात ऊर्जा किती? १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३२० किलोकॅलरी असतात. म्हणजे वाटीत ६४. बाकीचे सारे पाणी. हजार किलोकॅलरी केवळ या पेजेतून मिळवायच्या तर बाळाने दिवसात पंधरा वाट्या प्यायला हव्यात! आईचे दूध चालू असेल तर त्यातून बरीच ऊर्जा मिळते. तरीही दुसऱ्या वर्षात वरच्या अन्नातून सुमारे ५५० किलोकॅलरी मिळाव्या लागतात. त्यासाठीही आठ-नऊ वाट्या झाल्याच.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. खरा घसरणीचा काळ त्यानंतर सुरू होतो. बाळ वाटीभर पातळ पेज पिते, पोट तट्ट फुगते, ते खेळायला लागते. आई समाधानाने म्हणते, ‘पोटभर जेवला.’ आई खोटे बोलत नाही. पोट खरोखरच भरलेले असते, पण पाण्याने.

मग पीठ दुप्पट घालावे? घालून पाहा. पेजेचा गोळा होतो आणि बाळ तो गिळत नाही. पिठातील स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, एकमेकांत अडकतात आणि द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, भराभर वाढते. येथे आपल्या आजीबाईंची एक युक्ती कामी येते: नाचणीला मोड आणणे.

मोड येताना धान्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. स्टार्चच्या लांबलचक साखळ्या ते तोडून टाकते. साखळ्या तुटल्या की गुंता सुटतो, आणि तेवढेच पीठ असूनही पेज पातळ होते. वाटीत ऊर्जा दुप्पट, गिळायला मात्र सोपी.

हा प्रयोग तुम्ही घरी किंवा शाळेत करू शकता. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्या, वाळवा, अगदी हलकी भाजा आणि दळा. फार भाजू नका, नाहीतर विकर नष्ट होईल. आता साध्या नाचणीपिठाची घट्ट पेज शिजवून दोन वाट्यांत सारखी ओता. तापमापीवर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आली, की एकीत चमचाभर मोडाचे पीठ आणि दुसरीत चमचाभर साधे पीठ घालून ढवळा. दहा मिनिटांनी दोन्हींतली एकेक चमचा पेज तिरप्या धरलेल्या ताटलीवर सोडा आणि खालच्या कडेला पोहोचायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. फरक पाहून तुम्हीच चकित व्हाल. बाळाला द्यायची पेज मात्र मोडाचे पीठ घातल्यावर पुन्हा एकदा उकळून घ्यायला हवी. म्हणजे जंतूंची भीती राहत नाही.

एक इशारा. हा प्रयोग ज्वारीवर करू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत विषारी हायड्रोसायनिक आम्ल देणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात, हे आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

ऊर्जा वाढवण्याचा दुसरा मार्ग स्निग्ध पदार्थांचा. एका ग्रॅम पिष्टात ४ किलोकॅलरी, तर एका ग्रॅम तेलात ९. वाटीत एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, तेल किंवा तूप घातले की ४५ किलोकॅलरी वाढल्या. पोटातली जागा मात्र जवळजवळ अडली नाही. दहा ग्रॅम शेंगदाण्याचे बारीक कूट घातले तर पन्नासावर किलोकॅलरी आणि वर प्रथिने. अख्खे दाणे लहान मुलांना देऊ नयेत, घशात अडकतात. बुरशी आलेले दाणेही कुटात घालू नयेत. आणि तिसरा मार्ग सर्वांत सोपा: दोन-तीनदा जेवणाऱ्या मोठ्यांबरोबर बाळाला दोनदाच न भरवता, थोडेथोडे पाच-सहा वेळा भरवणे.

तीन मिलिमीटरांची गोष्ट

येथे तुम्ही विचाराल, ‘सर, मूल उपाशी राहत असेल तर आईला दिसणार नाही का?’ नाही दिसत! हीच तर या विषयातली मुख्य गोष्ट आहे. मूल रोज डोळ्यांसमोर असते, त्यामुळे महिन्याभरात त्याचे वजन वाढले नाही हे डोळ्यांना कळत नाही. शिवाय गल्लीतली सगळीच मुले तशीच असली, तर तुलना कोणाशी करायची? बारीक मूल हेच मग सर्वसाधारण मूल वाटू लागते.

मोजमाप येथे मदतीला येते. एक ते पाच वर्षे या वयात उंची, वजन सारे बदलते, पण दंडाचा घेर फारसा बदलत नाही. बाळसे ओसरते आणि त्याची जागा स्नायू घेतात. सुदृढ मुलाचा हा घेर १६ सें.मी.च्या आसपास राहतो. म्हणजे मुलाचे नेमके वय माहीत नसले तरी चालते. या गुणधर्माचा उपयोग करून १९७० च्या दशकात बगदादचे डॉ. अदनान शाकिर आणि इंग्लंडचे डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी दंड मोजण्याच्या रंगीत पट्टीचा पुरस्कार केला. आज सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी जगभर वापरतात त्या पट्टीवर १२.५ सें.मी.च्या वर हिरवा रंग, ११.५ ते १२.५ पिवळा आणि ११.५ च्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. अशा मुलाला तातडीने उपचार हवेत.

आता गणित करा. परीघ भागिले पाय म्हणजे व्यास. १२.५ सें.मी. घेराचा व्यास ३.९८ सें.मी., ११.५ चा ३.६६. हिरव्याची कड आणि लाल यांत फरक केवळ तीन मिलिमीटरांचा! बाहीच्या आड लपलेले हे तीन मिलिमीटर कोणत्या आईच्या नजरेला दिसतील? पट्टीला दिसतात. कुपोषण ही अशी गोष्ट आहे की ती पाहावी लागत नाही, मोजावी लागते.

‘आमच्या घराण्यात मुले बारीकच असतात,’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. त्याचीही परीक्षा झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांचे मोजमाप केले. भारतातली मुले दिल्लीची होती. आईचे दूध, पुरेसे अन्न आणि स्वच्छता मिळाली, तर पाच वर्षांपर्यंत सर्व देशांतली मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे दिसून आले. २००६ साली प्रसिद्ध झालेले हे वाढीचे तक्ते आज आपल्या अंगणवाडीच्या भिंतीवर आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. एवढ्या मुलांचे घराणे बारीक असू शकत नाही.

जामखेडची शाळा

पण पट्टी आणि तराजू हातात असले म्हणजे काम झाले का? याचे उत्तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, मिळाले आहे. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. पाच वर्षांखालची शेकडा चाळीसच्या आसपास मुले कुपोषित होती.

दवाखाना हवा का, असे विचारल्यावर लोकांनी सांगितले: आधी अन्न आणि पाणी. डॉक्टरांनी ते ऐकले, हे त्यांचे मोठेपण. गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली, मुलांना गावातच शिजवलेले अन्न मिळू लागले. १९७२ च्या दुष्काळात या भागाने अन्नपाण्याचे किती हाल सोसले, ते तुमच्या आजोबांना विचारा. विहिरी, हातपंप, शेतकऱ्यांची मंडळे, सारे आरोग्याच्याच कामाचे भाग ठरले.

आणि शिकवायचे कोणी? शहरात शिकलेल्या परिचारिकेचे बोलणे गावात रुजेना. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडली. यांतल्या कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अनेकजणी गावाने शिवाशिवीपोटी दूर ठेवलेल्या जातींमधल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत, आणि गावी परत जाऊन घरोघर सांगत. मुलांचे वजन करत, जुलाब झाल्यावर पाणी आणि अन्न तोडू नये हे पटवत, पोटुशीने कमी खावे या समजुतीशी झगडत. त्यांच्या सांगण्याला वजन होते, कारण त्यांची चूलही त्याच गावात, त्याच ज्वारीवर पेटत होती.

१९९० च्या दशकापर्यंत तेथला बालमृत्यूचा आकडा हजारी तिसाच्या खाली आणि कुपोषणाचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास आले. हे केवळ आहारामुळे झाले असे मानू नका. स्वच्छ पाणी, लसीकरण, सुखरूप बाळंतपण यांचाही वाटा त्यात आहे. जुलाबाने आजारी मूल म्हणजे भोक पडलेली घागर. वरून कितीही ओता, भरत नाही. भोक बुजवणे आणि पाणी ओतणे ही दोन्ही कामे जामखेडने एकदम केली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. पण पोषण कसे शिकवावे, याचा धडा त्या निरक्षर बायांनी जगाला दिला, असे मला वाटते.

ताटात रंग किती?

ऊर्जा पुरली म्हणजे सारे पुरले असेही नाही. शरीर बांधायला प्रथिने लागतात. ज्वारी-बाजरीत लायसीन नावाचे अमिनो आम्ल कमी. डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी ते धान्यात असते. म्हणून भाकरी आणि पिठले, भात आणि वरण ही जोडी नुसती चवीची नव्हे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात जेमतेम दहा. शेवग्याच्या पाल्यातून अ जीवनसत्त्व मिळते, पण ते मिळवून देणारे द्रव्य स्निग्धात विरघळते, म्हणून भाजीला तेलाची फोडणी हवी. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते. लेकराला कपात बिस्किट बुडवून भरवण्याची सवय घरोघर आहे. माझ्याही घरी होती; कळूनही ती मोडायला आम्हांला दोन वर्षे लागली! भूक मरते, साखर मिळते, लोह मात्र हुकते.

ताटातला हा वानवळा शेतातूनच येतो. जामखेडच्या नेमक्या विरुद्ध टोकाला, जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुका आहे. तेथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात, पालेभाज्या यांच्या गावरान वाणांची बियाणे जपून बियाणे-बँक उभी केली. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्याही शाळेत गेलेल्या नाहीत. परसबागेत दहा प्रकार असतील, तर ताटात निदान चार तरी येतात, हे त्यांच्या कामातून आपण शिकावे.

आता तुमची पाळी

१९७८ साली, आंतरराष्ट्रीय बालक वर्षाच्या तयारीत, ‘मुलांकडून मुलांकडे’ या कल्पनेवर लंडनमध्ये एक उपक्रम सुरू झाला. सुरू करणाऱ्यांत दंडपट्टीवाले डॉ. मॉर्लेच होते. लहान भावंडांना बहुतेक वेळ मोठी भावंडेच सांभाळतात. मग आरोग्याची माहिती त्यांनाच का देऊ नये, असा साधा विचार. म्हणजे शिक्षक तुम्हीच.

चार वर्षांच्या मुलाला ‘प्रथिने’ हा शब्द सांगू नका. त्याला निवडायला डाळी द्या. वाटाणा पेरायला द्या. स्वतः लावलेल्या वेलीची शेंग मूल आवडीने खाते. आज ताटात किती रंग आले ते त्याच्याबरोबर मोजा. नको म्हटलेली भाजी रागावून कोंबू नका. थोडीशी, पुन्हापुन्हा पुढे ठेवा. नवी चव रुळायला आठ-दहा वेळा तरी लागतात. जेवणाआधी साबणाने हात धुणे ही तुमच्याकडे बघून लागणारी सवय आहे.

आणि मोजा. शिवणकामाची टेप घ्या. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, डावा हात सैल सोडलेला असताना, टेप दाबली जाणार नाही अशी गुंडाळा. तीन वेळा मोजून सरासरी काढा. एका वाचनावर निष्कर्ष काढू नये, हे प्रयोगशाळेत आम्ही सांगतोच. घेर १२.५ सें.मी.हून कमी आला, तर मुलाला ‘कुपोषित’ म्हणून हिणवू नका आणि आईला दोषही देऊ नका. अंगणवाडी सेविकेला किंवा आरोग्य केंद्रात दाखवा, एवढे मोठ्यांना सांगा. अंगणवाडीत गेलात, तर वजनाचा काटाही पाहून घ्या. तो स्प्रिंगचा असेल तर हूकचा नियम तुम्हांला तेथे पाळण्यात लटकलेला दिसेल.

शिक्षकांना एक विनंती. उष्णतामापीचे गणित फळ्यावर सोडवताना तांब्याच्या भांड्याऐवजी कधीतरी पेजेची वाटी घ्या. उत्तर तेच येईल, पण ते घरी जाऊन एखाद्या चिमुकल्याच्या उपयोगी पडेल.